पुण्याहून लागणारा कूलर

माणूस स्वतंत्र आहे की नाही, हे त्याला दिवसभरात किती वेळा दुसऱ्याला हाक मारावी लागते यावरून ठरतं. या न्यायानं राजेमहाराजे सगळ्यांत परतंत्र. त्यांना पाण्याचा पेलासुद्धा हाक मारल्याशिवाय मिळत नसे. हा सिद्धांत मी पलंगावर उताणी पडून, उजव्या मांडीत लोखंडी पट्टी घेऊन, खिडकीतल्या बंद कूलरकडे बघत मांडला. कूलरचं बटण समोरच्या भिंतीवर होतं आणि पाय टेकवायला डॉक्टरांची मनाई होती. सिद्धांत बरोबर असेलही. मला तेव्हा फक्त वारा हवा होता.

पडले कशी, यात सांगण्यासारखं काही नाही. न्हाणीत सगळे पडतात तशीच पडले. ऑपरेशन होऊन गोंदियाजवळच्या फुलचूरला आमच्या घरी मला आणलं तेव्हा एप्रिल संपत आला होता. ह्यांचं आमगावला पाण्याच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान आहे. सकाळच्या गाडीनं जातात, दिवेलागणीला येतात. उन्हाळा हा मोटारींचा हंगाम; तेव्हा दुकान बंद ठेवून बायकोच्या उशाशी बसणं त्यांना परवडणारं नव्हतं आणि मला सोसणारं नव्हतं. स्वयंपाकाची बाई सकाळी येऊन सगळं करून जाई. उशाशी पाणी, डब्यात जेवण, कूलरची टाकी भरलेली, पलंगाला लागून वॉकर आणि खुर्चीचा संडास. हात पोचत नव्हता तो एकट्या कूलरला. तो दिवसभर सुरू ठेवला तर गार वाऱ्यानं पाय ठणके, बंद ठेवला तर खोलीची भट्टी होई. थोडा वेळ लावायचा, थोडा वेळ बंद करायचा, एवढंच काम होतं.

हे काम मला एकटीला जमलं नाही तर काय होणार, तेही ठरलेलं होतं. माझी थोरली नणंद तिरोड्याकडे, बोदलकस्याच्या तलावाजवळच्या गावात राहते. मी पडल्याची बातमी कळताच तिचा फोन आला होता, "मी येतो वं. महिनाभर राहतो. तू फकत हाक मारजो." मनानं ती सोन्यासारखी आहे. पण तिच्या ओळखीत न्हाणीत पडलेलं कोणीही पुन्हा उठलेलं नाही, आणि त्यातला प्रत्येक जण कसा कसा खंगत गेला हे तिला तोंडपाठ आहे. शिवाय आयुष्यभर चाळीस-पन्नास पोरांना भूगोल शिकवताना मी एका आवाजात वर्ग गप्प केलेला. त्याच आवाजात आता "ताई, जरा कूलर" म्हणायचं, हे मला नको होतं. मी ह्यांना सांगितलं, "दिवसा मला कोणाला हाक मारावी लागू नये एवढं बघा. बाकी काही नको."

हे दुसऱ्याच दिवशी दुकानातून वायरचं वेटोळं आणि एक बटण घेऊन आले. भिंतीवरून वायर आणायची, उशाशी बटण टांगायचं. अर्ध्या तासाचं काम. पण त्याच दिवशी पुण्याहून लेक आणि जावई मला बघायला आले, आणि जावयांनी ते वेटोळं पाहिलं.

"बाबा," ते हसून म्हणाले, "वायर?"

एवढंच म्हणाले. ह्यांनी वेटोळं पिशवीत परत घातलं.

जावई मनानं चांगले आहेत, हे आधीच सांगून टाकते. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं, त्यात काही कसब लागत नाही. पुण्याच्या एका कंपनीत ते संगणकांची जाळी आखतात. त्यांच्या हुद्द्याचं नाव इतकं लांब आहे की लग्नपत्रिकेत ते दोन ओळींत बसवावं लागलं होतं. त्यांनी मोठ्या खोक्यातून एक राऊटर काढला आणि लहान खोक्यातून एक प्लग. प्लग भिंतीतल्या पॉइंटात बसवायचा, कूलरची पिन त्यात खोचायची, आणि फोनवर बोट लावलं की कूलर सुरू. असल्या प्लगला स्मार्ट म्हणतात. शाळेत मीही काही मुलांना हुशार म्हटलं होतं, त्यामुळे या शब्दाबद्दल मी आशा बाळगून नव्हते.

पण बोट लावलं आणि कूलर खरंच लागला. बंद म्हटलं, बंद झाला. लेकीनं टाळ्या वाजवल्या. ह्यांनी राऊटरला हळदकुंकू लावून समोर नारळ फोडला. नवी मोटार आली की दुकानात तसंच करतात. त्यात ह्यांना काही वावगं वाटलं नाही आणि जावयांनाही. त्या दिवशी मीही खूश होते, खोटं कशाला बोलू.

गोष्ट तिथं थांबायला हवी होती. पण निघायच्या सकाळी जावयांना तत्त्व आठवलं. त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तीन गोल काढले आणि आम्हाला समोर बसवलं. मला बसवायची गरज नव्हती, मी पडलेलीच होते.

"आई, या घराच्या वायफायची मी आता तीन वेगळी घरं करतोय. तुमचे फोन 'परिवार'मध्ये. पाहुण्यांचे 'अतिथी'मध्ये. आणि प्लग, टीव्ही वगैरे 'यंत्र'मध्ये. मध्ये भिंती. समजा बाहेरचा कोणी प्लगमध्ये शिरला, तर तो तिथंच अडकेल. परिवारापर्यंत येणारच नाही."

"आणि आला तर काय नेईल?" मी विचारलं. ह्यांच्या फोनमध्ये सुप्रभात लिहिलेली गुलाबाची फुलं होती, माझ्या फोनमध्ये माझ्या मांडीचा एक्स-रे.

"तसं नाही, आई. तत्त्व म्हणून."

तत्त्व म्हणून केलेल्या गोष्टी पुढं कोणाला तरी निस्तराव्या लागतात, हे तीस-पस्तीस वर्षं मुख्याध्यापकांच्या हाताखाली काढलेल्या बाईला सांगावं लागत नाही. पण समोर जावई होते. मी म्हटलं, "छान." त्यांनी भिंती घातल्या, चहा घेतला आणि गाडी गाठली. भिंती घातल्यावर कूलर पुन्हा लावून बघितला नाही. तो आदल्या दिवशीच लागला होता ना.

त्या दुपारी मी फोनवर बोट लावलं. पडद्यावर एक वर्तुळ गरगरत राहिलं. कूलर गप्प. बोट नीट लागलं नसेल म्हणून पुन्हा लावलं. वर्तुळ फिरत होतं. मग, मी नाद सोडून पुस्तक उघडलं तेव्हा, कूलर घरघरत सुरू झाला आणि श्वासभर चालून बंद पडला. माझे दोन्ही हुकूम उशिरा, पण एकामागोमाग पोचले होते. पहिल्यानं लावला, दुसऱ्यानं विझवला. पुढं मी शहाणी झाले. एकदाच बोट लावायचं आणि वाचत पडायचं. बऱ्याचदा पान उलटेपर्यंत कूलर लागे. कधी कधी लागतच नसे, आणि पान उलटून मी एकीकडे कथा आणि दुसरीकडे घाम अशी दोन्हींत बुडालेली असे.

ह्यांना सांगितलं. मोटारी विकणाऱ्या माणसाच्या मते जगातल्या सगळ्या आजारांचं मूळ व्होल्टेजमध्ये असतं. त्यांनी राऊटरला स्टॅबिलायझर लावला. राऊटर आता पूर्ण व्होल्टेजवर उशीर करू लागला.

"मग ती वायर ओढून द्या ना," मी म्हटलं.

"वेडी आहेस का? त्यांनी एवढं दोन दिवस बसून केलं. उद्या येऊन वायर बघितली तर काय वाटेल त्यांना?"

"आणि मला काय वाटतं?"

"तू घरचीच आहेस."

हे उत्तर नीट वाचावं अशी विनंती आहे. आमच्याकडे जावयाचा मान मोठा, हे मला ठाऊक होतं. मीच तो केलेला आहे, ताटाभोवती रांगोळ्या काढल्या आहेत. पण मानाचा अर्थ असा आहे की त्या माणसानं केलेली वस्तू चालत नसली तरी ती चालते असं सगळ्या घरानं वागायचं, हे मला पाय मोडल्यावरच पहिल्यांदा नीट दिसलं. उभं असताना माणूस वळसा घालून जातो, म्हणून दिसत नसावं.

मग इंटरनेटवाला आला. गोंदियातला, पोट सुटलेला, बोलायला गोड. त्यानं फोन फिरवून बघितला.

"मॅडम, सिग्नल तो फुल है. मगर ये तीन-तीन नाम किसने डाले?"

"हमारे दामाद ने," हे म्हणाले.

"अच्छा, दामादजी ने!" त्यानं हातातला फोन असा खाली ठेवला की जणू त्यात कोणी झोपलं होतं. "बहुत बढिया किया है जी."

"बढिया है तो देर काहे होती है?" मी पलंगावरून विचारलं.

"मॅडम, आपकी दीवार में सलिया बहुत है." आणि भिंतीतल्या लोखंडाला दोषी ठरवून त्यानं राऊटर माळ्यावर नेऊन ठेवला. जाताना ह्यांच्या कानाशी म्हणाला ते मला ऐकू आलं, "दामादजी का काम है, हम हाथ नहीं लगाते. कल को कुछ हुआ तो बोलेंगे तुमने बिगाडा." भिंतीतलं लोखंड बिचारं कोणाचा जावई नव्हतं.

लेकीला फोन केला. तिला सगळं ऐकून घेता येतं, ही तिची चांगली बाजू. पुढं काहीच करत नाही, ही दुसरी.

"आई, त्याला आत्ता नको ना सांगू. सुट्टी घेऊन केलंय त्यानं तुझ्यासाठी."

"मग त्यानं माझ्यासाठी केलेलं माझ्या उपयोगी पडावं, एवढंच म्हणते."

"बाबा बोलतील त्याच्याशी. नीट सांगतील."

बाबांनी सांगितलं. संध्याकाळी फोन लावून, आवाजात साखर घोळून म्हणाले, "जावईबापू, फारच छान चालू आहे. म्हणजे एखाद्या वेळी किंचित थांबतो, बाकी एकदम मस्त." जावयांनी पुण्याहूनच बोट लावलं. माझ्या डोळ्यांदेखत कूलर तत्काळ सुरू झाला. "बघा, लगेच लागला ना?" फोन माझ्या हातात आला. समोर हे भुवयांनी मला बजावत होते. कूलर चालू होता, ते खोटं नव्हतं. मी म्हटलं, "हो, लागला." पुण्यात समाधान झालं. लेकीकडून दुसऱ्या दिवशी निरोप आला की आई बहुतेक दोनदा दाबते, एकदाच दाबायला सांगा.

तेव्हाच एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरली होती, पण राग आधी बोलतो म्हणून ती मागे बसली होती. पुण्यातून बोट लावलं की कूलर लगेच लागतो. आणि त्याच खोलीत, त्याच्या वाऱ्याच्या टप्प्यात पडलेल्या बाईनं लावलं की लागत नाही.

यातून जो उपाय निघाला तो सांगायला मला आजही लाज वाटते. मी लेकीला फोन करू लागले. "लाव." ती तिथं बोट लावी, इथं कूलर सुरू होई. "बंद कर." ती बंद करी. दिवसा कोणाला हाक मारायची नाही म्हणून आणलेल्या यंत्रासाठी मी फुलचूरहून पुण्याला हाका मारत होते. लेक कामावर असे. कधी फोनवर शब्द उमटत, मीटिंगमध्ये आहे, थोडं थांब. पुण्यातली मीटिंग संपेपर्यंत गोंदिया जिल्ह्यातला कूलर थांबे.

अशाच एका दुपारी नणंद आली. अगोदर न कळवता, हातात पपईची पिशवी घेऊन. मी पदरानं वारा घेत होते.

"काऊन वं? एवढा मोठा कूलर ठेवून घामात कायले बसली?"

"लावलाय, ताई. येतोच आहे वारा."

"येऊन राहिला? कुठून येऊन राहिला?"

"पुण्याहून."

तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग तिनं सरळ जाऊन प्लगवरचं बटण दाबलं, कूलर लागला, आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं की माझी सगळी नोकरी आणि सगळी पुस्तकं त्या नजरेतून वाहून गेली. "मी राहतोच इथं," ती म्हणाली.

मी तिला कसंबसं परत पाठवलं. पण तिला पाठवण्याआधी आणखी एक प्रकरण झालं. संध्याकाळी हे आल्यावर तिनं फोनला वायफाय मागितलं, आणि जावयांनी बजावून ठेवलं होतं त्याप्रमाणे ह्यांनी तिला 'अतिथी'त घातलं. तिनं पडद्यावर नाव वाचलं.

"मी या घरची लेक आहो. या घरात जल्मलो. मले अतिथी केलं?"

"अगं ताई, ते नुसतं नाव आहे."

"नाव नुसतं नसते, भाऊ. उद्या मले सांगसान, बाहेर चपलेपाशी बस. लग्न होऊन आलेली तुही बायको परिवार, अन् मी अतिथी!"

ह्यांनी घाबरून तिला 'परिवार'चा पासवर्ड देऊन टाकला. मला मात्र तिचं म्हणणं पटलं होतं. घराच्या भिंती कोणी घालायच्या आणि कोणाला कोणत्या बाजूला ठेवायचं, हे ज्याला त्या घरात राहायचं नाही त्यानं ठरवलं होतं.

त्यानंतर मी रागाला जरा बाजूला बसवून विचार केला. वर्गात पोरांना नद्या शिकवताना मी सांगत असे, पाणी कुठं जातं हे कळत नसेल तर कुठं अडतं ते बघा. एका दुपारी रस्त्याच्या खोदकामात कुठंतरी तार तुटली आणि घरात इंटरनेट गेलं. वायफायची खूण फोनवर जशीच्या तशी होती, समोर माळ्यावर राऊटरचे दिवे लागलेले होते, पण कूलर मुळीच लागला नाही. म्हणजे माझा हुकूम घरातल्या घरात जात नव्हताच. तो घराबाहेर, बहुधा देशाबाहेर, प्लगच्या कंपनीच्या कुठल्या तरी मोठ्या संगणकाकडे जात होता आणि तिथून वळून माझ्याच खिडकीत येत होता. दुसऱ्या दिवशी तार जोडली गेल्यावर मी माझ्या फोनचं वायफाय बंद केलं आणि सिमच्या इंटरनेटवर बोट लावलं. कूलर लागला. जवळजवळ पुण्याइतक्याच तत्परतेनं.

मग सगळं उलगडलं. वायफायवर असताना फोन आधी प्लगला घरातच शोधत असे. घरातलाच आहे, दिसेल, असं त्याला वाटे. पण प्लग 'यंत्र'मध्ये, फोन 'परिवार'मध्ये, मध्ये जावयांची भिंत. फोन हाका मारून मारून दमे, आणि मगच नाइलाजानं परदेशाच्या वाटेला लागे. पुण्यातला फोन घरात शोधतच नव्हता, तो थेट परदेशी जाई. म्हणून दूरचा लवकर पोचत होता आणि जवळचा उशिरा. भूगोलाच्या बाईला यापेक्षा मोठा अपमान काय असू शकतो, मला माहीत नाही.

मी वायफाय बंद ठेवायला सुरुवात केली. आमच्या खोलीत सिमची रेंज सकाळी बरी असते, दुपारी मरते. तरी काही तास माझे मी कूलर लावू लागले. मला वाटलं, सुटले. संध्याकाळी लेकीचा फोन.

"आई, तू परिवारातून बाहेर का गेलीस? त्याच्या फोनवर दिसलं. तो विचारत होता, काही चुकलं का."

आणि रात्रीच्या जेवणाला ह्यांचं सुरू. "घरात एवढं वायफाय आणि तू बंद करून बसली. त्यांना कळतं ना ते. मनाला लावून घेतात माणसं." दुसऱ्या दिवशी मी परिवारात परत आले. सुनेनं सासर सोडलं तर गावात जेवढी चर्चा होते, तेवढी माझ्या एका खुणेची झाली.

एवढ्यात अधिक मास लागला. यंदा तो ज्येष्ठात, म्हणजे भर उन्हात आला. अधिक मासात जावई म्हणजे विष्णू. त्याला बोलवायचं, धोंडे-अनारसे वाढायचे, वाण द्यायचं. मी पडलेली, म्हणून रांधायला नणंद आली. आता मला तिला नाही म्हणता येईना. ह्यांनी मला आदल्या दिवशी हात जोडून सांगितलं, "या दिवशी तरी कूलरचा विषय काढू नको. तीन वर्षांनी येतो हा महिना."

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, सुरू झाला होता. सकाळी दहालाच खिडकीच्या गजाला हात लावला तर चटका बसत होता. जावई आले, पाटावर बसले, ओवाळून झालं, वाण झालं, जेवण झालं. कपाळावर गंध, खांद्यावर शाल, अशा थाटात ते माझ्या खोलीत येऊन खुर्चीवर बसले. मागोमाग हे, लेक आणि नणंद. खोलीत माणसं वाढली तसा उकाडा वाढला. हे कूलरकडे निघाले तेव्हा जावई म्हणाले, "थांबा बाबा, कशाला उठताय?" आणि त्यांनी खिशातून फोन काढून बोट लावलं.

त्यांचा फोन घरात आल्याबरोबर 'परिवार'मध्ये शिरला होता.

वर्तुळ फिरू लागलं. जावई फोनकडे बघत होते, आम्ही जावयांकडे. शालीखाली त्यांची मान चमकू लागली.

"लागून राहिला जी, लागून राहिला," नणंद म्हणाली. आजाऱ्याला धीर देतात तशी.

"व्होल्टेज," हे म्हणाले.

लेक पदराचा काठ बघत होती. जावयांनी पुन्हा बोट लावलं. कूलर घरघरला, सगळ्यांचे चेहरे उजळले, आणि कूलर बंद झाला.

"हे असं होतं का?" जावयांनी विचारलं.

"नाही नाही," हे म्हणाले. "आजच."

ह्यांनी आदल्या दिवशी जोडलेले हात मला आठवत होते. पण ते 'आजच' मला सहन झालं नाही. माझे सगळे घामाचे दिवस त्या एका शब्दानं पुसून टाकले होते, तेही माझ्या खोलीत, माझ्या समोर.

"आजच नाही, जावईबापू," मी म्हटलं. "रोजच. तुम्ही भिंती घालून गेलात त्या दिवसापासून रोज. आता फोनचं वायफाय बंद करा आणि दाबा."

हे भिंतीकडे बघू लागले. जावयांनी वायफाय बंद केलं, दाबलं. कूलर लागला. ते फोनकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. हुशार माणूस आहे. पुढचं मला सांगावं लागलं नाही.

"अरे देवा. फोन आधी लोकल शोधतोय. मी भिंत घातली आणि टेस्टच केली नाही." मग त्यांनी फोन खाली ठेवून आमच्याकडे एकेक करून बघितलं. "पण मला कोणी सांगितलं का नाही? मी पुण्याहून त्याच दिवशी केलं असतं."

हे म्हणाले, "तसं काही विशेष नव्हतं." लेक म्हणाली, "मी सांगणारच होते." शेवटी नणंदच खरं बोलली.

"जवायाले कसं सांगाव जी? या महिन्यात तं देव असते जवाई."

"आत्या, देवाला लोक तक्रारीच तर सांगतात."

ते रागावले होते, आणि त्यांचा राग मला आवडला. आम्ही पाच माणसं एका खोलीत उकडत होतो. त्यांतल्या चौघांना काही ना काही माहीत होतं, आणि ज्याच्या हातात उपाय होता त्याचीच आम्ही सगळे मिळून समजूत काढत बसलो होतो. पाटावर बसवून, गंध लावून, शाल घालून आम्ही त्यांना इतकं उंच ठेवलं होतं की त्यांच्यापर्यंत एक साधं वाक्य चढू शकलं नाही. आणि ती उंची राखण्यासाठी वारा माझा गेला होता, त्यांचा नाही. हे मी तेव्हा बोलले नाही. एका दिवसाला एक वाक्य पुरे होतं. ह्यांचा चेहरा बघवत नव्हता.

जावयांनी लॅपटॉप मागवला. हे कळवळून म्हणाले, "आज नका हो काम करू. आजच्या दिवशी." पण ते तसेच, शाल खांद्यावर, गंध घामानं भुवईपर्यंत आलेला, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. चहा निवायच्या आत झालं. भिंत पाडली नाही, तिला एक खिडकी ठेवली, असं त्यांनी मला समजावलं. परिवार यंत्रांना हाक मारू शकेल, यंत्रं आपणहून परिवाराला हाक मारू शकणार नाहीत.

"तत्त्वही राहिलं," ते म्हणाले.

"राहू द्या," मी म्हटलं.

मी बोट लावलं. बोट उचलायच्या आत कूलर सुरू झाला. बंद केला, झाला. पुन्हा लावला. नणंद दारात उभी राहून बघत होती, तिच्या तोंडावर थोडी निराशा दिसली. दुसऱ्या सकाळी ह्यांनी जावयांना बाजारातून आणखी एक शर्टपीस आणून दिला, धोंड्याच्या जेवणाला येऊन काम करावं लागलं म्हणून. जावयांनी तो घेतला. काय करणार.

लेक-जावई पुण्याला गेले, हे आमगावला गेले. नणंदेनं आपली पिशवी भरून दारापाशी आणून ठेवली. ऊन उतरलं की तिरोड्याच्या गाडीनं ती जाणार होती. मी पलंगावर टेकून बसले आणि उन्हाळाभरात पहिल्यांदा कूलर माझ्या मनासारखा वापरला. पाय ठणकला की बंद, उकडलं की सुरू. फोन नाही, मीटिंग नाही, पुणं नाही. नवतप्यात उकडतं फार, म्हणून तो बंदपेक्षा सुरूच जास्त राहिला. दुपार व्हायच्या आत सकाळचं पाणी संपून तो गरम हवा फेकू लागला.

कूलरची टाकी बादलीनं भरावी लागते. नणंद अजून इथंच आहे.